मला डावीकडून हाक मारा

नोव्हेंबर २०२३ मधला एक मंगळवार. सकाळी साडेसहाचा अलार्म वाजलाच नाही. म्हणजे वाजला, भरपूर वाजला! इतका की शेवटी माझी फ्लॅटमेट वैतागून आत आली आणि मला गदागदा हलवत म्हणाली, "अगं, जिवंत आहेस ना?" मोबाइल उशीपासून वीतभर अंतरावर ठणाणा करत होता. मी डाव्या कुशीवर झोपले होते, डावा कान उशीत. आणि वरच्या उजव्या कानाला त्या अलार्मचा पत्ताच नव्हता.

आधी वाटलं, कानात दडे बसलेत. विमानातून उतरल्यावर बसतात ना, तसे. जांभया देऊन पाहिल्या. नाक दाबून फुंकर मारून पाहिली. करंगळी घालून कान हलवला. ढिम्म. उलट आतून एक आवाज सुरू झाला. लहानपणी वेळेच्या आधी टीव्ही लावला की दूरदर्शनच्या रंगीत पट्ट्या दिसायच्या आणि एक लांबलचक 'कुंऽऽऽ' ऐकू यायचं, आठवतंय? अगदी तस्सा. फरक इतकाच की याला बंद करायचं बटण नव्हतं.

मी तेव्हा मँचेस्टरला राहायला येऊन जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. त्याआधी सहा वर्षं हिंजवडी. म्हणजे 'शुक्रवारी रिलीज आहे' या वाक्यापुढे सर्दी, ताप, ब्रेकअप, सगळं क्षुद्र असतं हे अंगात मुरलेलं. त्यामुळे तुम्ही केलं असतं तेच मीही केलं. दोन दिवस बघू, नाही उतरलं तर जाऊ डॉक्टरकडे! डोकं थोडं गरगरत होतं, तरी ट्राम पकडून ऑफिसला गेले. मीटिंगमध्ये उजवीकडे बसलेल्या मॅनेजरने मला तीनदा काहीतरी विचारलं आणि मी तिन्ही वेळा लॅपटॉपकडे बघत राहिले. तिला वाटलं, मी रुसलेय.

दुपारी सहज आईला फोन लावला. कान म्हटल्यावर पुढे काय येणार ते मला पाठ होतं. लसणाची पाकळी, कोमट तेल, कानात कापूस आणि 'एसीत बसू नकोस'. पण आई एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "एकच कान का? कधीपासून?"

"सकाळपासून. उजवा."

"दुखतोय?"

"नाही गं. नुसता बंद झालाय."

"मग आत्ता जा. आत्ताच्या आत्ता. पहिल्या तारखेची वाट बघू नकोस."

मला हसूच आलं. म्हटलं, "आई, इथे पहिल्या तारखेचा काय संबंध?" तिने फोन ठेवून दिला. आणि आई कधी स्वतःहून फोन ठेवत नाही. 'ठेवू का, ठेवते मग, बरं ठेवते' असं करत दहा मिनिटं काढते.

संध्याकाळी फ्लॅटमेटला सांगितलं. ती कोट्टायमची, इथे हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. (मँचेस्टरच्या कुठल्याही वॉर्डात जा, मल्याळी कानावर पडतंच. अर्थात कान चालू असतील तर.) तिने माझी एक गंमतशीर परीक्षा घेतली. "तोंड मिटून हम्म्म कर. आवाज कुठल्या कानात मोठा येतोय?" मी केलं. डाव्यात, म्हणजे चांगल्या कानात. तिचा चेहरा बदलला. कानात मळ अडकला असता तर आवाज बंद कानात मोठा यायला हवा होता म्हणे. "शूज घाल," ती म्हणाली.

आम्ही १११ नंबर फिरवला. इथे अर्जंट पण जिवावरचं नाही अशा वेळी हा नंबर लावायचा. पलीकडच्या माणसाने शांतपणे वीसेक प्रश्न विचारले आणि त्याच रात्री सव्वाआठची वेळ दिली. तिथल्या तरुण डॉक्टरने कानात बॅटरी मारून पाहिलं. मळ नाही, सूज नाही, पडदा छान. मग त्याने तो चिमट्यासारखा काटा काढला, शाळेच्या प्रयोगशाळेत असायचा तो. टणकन वाजवून माझ्या कपाळाच्या मध्यावर टेकवला. "कुठे ऐकू येतंय?" पुन्हा डावीकडेच. त्याने लगेच फोन उचलला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी कान-नाक-घसा विभागाच्या बाकावर बसले होते.

थोडं सायन्स सांगून टाकते. बोअर वाटलं तरी हा पॅरा स्किप करू नका, प्लीज. बाहत्तर तासांच्या आत एका कानाची ऐकण्याची ताकद लागोपाठच्या तीन फ्रिक्वेन्सींवर ३० डेसिबल किंवा त्याहून जास्त घसरली, तर डॉक्टर त्याला अचानक आलेला बहिरेपणा म्हणतात. बिघाड कानाच्या आतल्या भागात किंवा मेंदूकडे जाणाऱ्या नसेत असतो. कारण बहुतेकांना कधी कळतच नाही. काहींचा कान आपोआप सुधारतो, काहींचा नाही. उपचार म्हणजे मुख्यतः स्टिरॉइड, आणि ते जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं. पहिल्या दोन आठवड्यांत सगळ्यात जास्त आशा असते. खरा लोचा हा की हे सगळं सर्दी किंवा मळासारखं वाटतं, त्यामुळे माणूस थेंब घालत बसतो. म्हणून इथल्या डॉक्टरांच्या मार्गदर्शक नियमांतच लिहिलंय, की असं गेल्या तीस दिवसांत झालं असेल तर रुग्णाला चोवीस तासांच्या आत तज्ज्ञाकडे पाठवा.

तर बुधवारची सकाळ. काचेच्या खोलीत बसवून माझी ऑडिओमेट्री झाली. डाव्या कानाची रेघ कागदावर वर, सरळ. उजव्या कानाची घाटातल्या रस्त्यासारखी खाली, ८० डेसिबलपर्यंत. आपलं साधं बोलणं साधारण ६० डेसिबलचं असतं. म्हणजे त्या कानाशी तुम्ही गप्पा मारल्या असत्या तर त्याच्या लेखी तुम्ही तिथे नव्हताच.

गोळ्या लिहून मिळाल्या आणि मी सवयीने काउंटरवर गेले, कार्ड हातात घेऊन. आपल्याला ती सवयच असते ना? आधी डिपॉझिट, मग डॉक्टर. रात्रभर मी मनात आकडे मांडत होते. तपासणी किती, डॉक्टर किती, क्रेडिट कार्डाची लिमिट किती. काउंटरवरच्या काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ते आत ठेव गं, राणी." इथे कुणालाही 'लव्ह' म्हणतात, त्याचं मी माझ्यापुरतं 'राणी' केलंय.

पुढच्या काही महिन्यांचा हिशेबही सांगून टाकते. कानाच्या पडद्यातून आत तीन इंजेक्शनं, आठवड्याला एक. (दुखत नाही फारसं. पण औषध गार असतं, आणि खोली मेरी-गो-राउंडसारखी फिरते.) एमआरआय, नसेवर गाठ वगैरे नाही ना हे बघायला. चार-पाच ऑडिओमेट्री. शेवटी कानामागे लावायचं मशीन. या सगळ्यात माझ्या पर्समधून गेले ते पहिल्या गोळ्यांचे ९ पौंड ६५ पेन्स. सुमारे हजार रुपये. शेजारच्या वेल्समध्ये किंवा स्कॉटलंडमध्ये असते तर तेही गेले नसते.

'फुकट आहे गं तिकडे सगळं!' असं माझ्या मावशीने व्हॉट्सअ‍ॅपवर जाहीर करून टाकलं. फुकट कसलं? व्हिसा घेतानाच आरोग्य अधिभार म्हणून वर्षाला ६२४ पौंड भरावे लागले होते. तीन वर्षांचे १,८७२. म्हणजे पावणेदोन लाखांच्या वर! फेब्रुवारी २०२४ पासून तर तो वर्षाला १,०३५ पौंड झालाय. शिवाय दर महिन्याच्या पगारातून टॅक्स कापला जातो तो वेगळाच. तेव्हा मी मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या होत्या. पण त्या बुधवारी काउंटरवर एक गोष्ट टकुऱ्यात शिरली. पैसे मी दिले होते, पण धडधाकट असताना, पगार चालू असताना. आजारी पडले त्या दिवशी कुणी मागितले नाहीत. आणि माझ्या शेजारी बाकावर बसलेल्या, नोकरी गेलेल्या आजोबांकडेही मागितले नाहीत. आम्ही दोघं एकाच रांगेत होतो. नंबर त्यांचा आधी होता, कारण ते आधी आले होते.

माझ्या घरापासून बसने अर्ध्या-पाऊण तासावर डेव्हीहल्म नावाचं उपनगर आहे. तिथल्या पार्क हॉस्पिटलमध्ये, आताच्या ट्रॅफर्ड जनरलमध्ये, ५ जुलै १९४८ रोजी ही राष्ट्रीय आरोग्य सेवा, एनएचएस, सुरू झाली. आरोग्यमंत्री अन्युरिन बेवन तिथे स्वतः हजर होते, आणि त्या दिवशी ज्या पहिल्या पेशंटला ते भेटले ती होती तेरा वर्षांची सिल्व्हिया बेकिंगहॅम. बेवन हा वेल्समधल्या कोळसा खाणकामगाराचा मुलगा, स्वतः पोरवयात खाणीत उतरलेला. त्याच्या गावात, ट्रेडेगरला, कामगार आपल्या पगारातून थोडे थोडे पैसे काढून डॉक्टर आणि औषधांची सोय करत. बेवनने तोच फंडा अख्ख्या देशाला लावला. १९५१ मध्ये त्याच्याच पक्षाच्या सरकारने चष्मा आणि कवळीला पैसे लावायचं ठरवलं, तर पठ्ठ्याने मंत्रिपदाचा राजीनामा दिला! चष्मा आणि कवळीसाठी!

आणि कान? १९४८ पासूनच सरकारी खर्चाने मशीन मिळायला लागलं. मेड्रेस्को नाव त्याचं. छातीवर अडकवायची डबी आणि तिथून कानापर्यंत वायर. मी त्याचा फोटो पाहिला. आजीच्या ट्रान्झिस्टरसारखं दिसतं. माझं मशीन त्याचं पणतू म्हणायला हरकत नाही, भुईमुगाच्या शेंगेएवढं. ते माझ्या मालकीचं नाही, वापरायला दिलेलं आहे. नारिंगी स्टिकरच्या बॅटऱ्या संपल्या की जाऊन नव्या आणायच्या, त्याही पैसे न देता.

सगळं गोडगोड नाही हां. त्याच २०२३ मध्ये इंग्लंडमधली वेटिंग लिस्ट ७७ लाखांच्या आसपास पोहोचली होती. कान गेला म्हणून मला चोवीस तासांत आत घेतलं, पण एमआरआयला सहा आठवडे लागले आणि मशीनला थेट एप्रिल उजाडला. फ्लॅटमेट ड्युटीवरून येते तेव्हा तिच्यात जेवायचंही त्राण नसतं. ऑफिसमधले गोरे लोक चहाच्या वेळी एनएचएसला यथेच्छ शिव्या देतात. पण ती मोडीत काढायची का विचारा, तेच लोक तुमच्याकडे असे बघतात की जणू तुम्ही त्यांची आजी विकायला काढलीय.

मुद्द्यावर येते. कान परत आला का? अर्धामुर्धा. ८० चा ६० झाला आणि तिथेच थांबला. मशीन लावल्यावर त्या बाजूचं बोलणं कळतं, पण ते जुन्या लँडलाइनवरून आल्यासारखं, पत्र्याचं.

एक कान गेला तर काय मोठंसं, दुसरा आहे की! असं मलाही वाटायचं. पण दोन कान असतात ते आवाज कुठून आला हे कळावं म्हणून. कुणी हाक मारली की मी आता पंख्यासारखी गर्रकन फिरते. मोबाइल घरात वाजतो, पण कुठे? पहिले काही आठवडे सायकलची घंटी ऐकली की मी फुटपाथवर पुतळ्यासारखी उभी राहायचे, कारण ती मागून येतेय की समोरून हेच कळायचं नाही. आणि गोंगाटात तर विचारूच नका. दोन कान असले की मेंदू शंभर आवाजांतून आपल्या माणसाचा आवाज वेचून काढतो. एका कानाला सगळं एकाच टोपलीत मिळतं. बशांचा खडखडाट, म्युझिक, शेजारच्या टेबलावरचं भांडण आणि तुझं बोलणं, सगळ्याची भेळ.

मग मी जुगाड करायला लागले. मीटिंग रूममध्ये सगळ्यात आधी पोहोचायचं आणि टेबलाच्या उजव्या टोकाची खुर्ची पटकवायची, म्हणजे सगळं जग डावीकडे. पबमध्ये कोपरा, उजवा खांदा भिंतीला. मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' नावाची एक गोष्ट असते, ती चालू केली. नाहीतर गाण्यातली अर्धी वाद्यं उजव्या इयरफोनमध्येच राहून जातात आणि गाणं कापल्यासारखं वाटतं. (आईच्या आवडीच्या जुन्या रेकॉर्डना हा त्रास नाही. त्या मुळातच मोनो.) ऑनलाइन मीटिंगला कॅप्शन लावते. ती मराठी नावांची जी काय वाट लावतात त्यावर वेगळा लेख होईल. गाडीत शेजारी बसले की चालवणारा माझ्या मेलेल्या कानाच्या बाजूला येतो, म्हणून हल्ली गाडी मीच चालवते. मित्रमंडळ वैतागलंय.

सगळ्यात अवघड काय होतं माहितेय? सांगणं. तिशीतली पोरगी, बरी दिसते, बरं कमावते आणि म्हणते, 'सॉरी, मला या कानाने ऐकू येत नाही.' आधी मी हसून वेळ मारून न्यायचे. समोरचा हसला की आपण हसायचं. एकदा टीममधला एकजण त्याचे वडील गेल्याचं सांगत होता आणि मी हसले. त्या दिवसापासून सरळ सांगते. मला डावीकडून हाक मारा. लोकांना काही वाटत नाही हो. उलट खुर्ची सरकवून देतात.

मे २०२४ मध्ये पुण्याला गेले. आई दाराशीच उभी होती. तिने आधी माझ्या कानामागचं मशीन पाहिलं, हळूच बोट लावलं. मग नेहमीसारखी माझ्या डाव्या बाजूला येऊन चालायला लागली. आणि एकदम माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आई कायम माझ्या डाव्या बाजूला असते. रस्त्याने जाताना, सिनेमाला, लग्नाच्या पंगतीत. फोन उजव्याच कानाला लावते. कुकरच्या शिट्ट्या मोजायला मला सांगायची. मागून हाक मारली की भलतीकडेच बघायची, आणि मी शाळकरी वयात किती वैतागायचे, 'आई, तुझं लक्ष कुठे असतं गं?'

रात्री ओट्यापाशी विचारलं. ती भेंडी चिरत होती, मान वर न करता सांगत गेली. २००३ ची गोष्ट. मी सातवीत. बाबा एका छापखान्यात, आई घरी ब्लाउज शिवायची. एका सकाळी उठली तर डावा कान बंद. तारीख बावीस-तेवीस असेल. गल्लीतल्या डॉक्टरांनी मळ असेल म्हणून थेंब दिले. चार दिवसांनी म्हणाले, कानाच्या स्पेशालिस्टला दाखवा. चौकशी केली तर त्यांची फी, वर ती मशीनवरची तपासणी. त्याच आठवड्यात माझ्या स्कॉलरशिपच्या क्लासची फी भरायची होती. "म्हटलं, पहिली तारीख झाली की जाऊ. दुखत तर नव्हतंच." पहिलीला पगार झाला नाही. तो दहाला झाला. ती गेली तेव्हा अठरा-एकोणीस दिवस उलटून गेले होते. डॉक्टर म्हणाले, जरा उशीर झाला हो.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? तुझ्या फीमुळे माझा कान गेला असं?" आणि हसली. "आणि स्कॉलरशिप मिळाली ना तुला."

मी त्या रात्री झोपले नाही. वेळेत गेली असती तर तिचा कान वाचला असताच, असं कुणी सांगू शकत नाही. मी दुसऱ्या दिवशी तज्ज्ञासमोर होते, सगळं वेळेत मिळालं, तरी माझा अर्धाच परत आला. पण माझ्या हिश्श्याला 'जर' आणि 'तर' आले नाहीत. जे करता येण्यासारखं होतं ते झालं, उरलं ते नशीब, विषय संपला. आईच्या हिश्श्याला ते वीस वर्षं आलेत. आणि मला आता जन्मभर पुरतील.

गंमत बघा, त्या ब्रिटिश गोष्टीची एक जुळी बहीण आपल्याकडेही होती. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ मध्ये, म्हणजे एनएचएस सुरू व्हायच्या दोन वर्षं आधी, सरकारला अहवाल दिला. पैसे देता येत नाहीत म्हणून कुणी योग्य उपचारांवाचून राहू नये, हे त्यात अगदी पहिल्या काही तत्त्वांमध्ये लिहिलंय. तिथे ते सुरू झालं. इथे त्यातली प्राथमिक आरोग्य केंद्रं आली, बाकीचं बरंच कागदावर राहिलं. काहीच झालं नाही असं म्हणणं मात्र चूक. महात्मा फुले जन आरोग्य योजना राज्यातल्या सगळ्या रहिवाशांना पाच लाखांपर्यंत लागू करायचा निर्णय २०२३ मध्ये झाला. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांत उपचार मोफत झाले. पण अशा विमा योजनांचा भर असतो तो अ‍ॅडमिट होण्यावर, ऑपरेशनवर. आईचा कान गेला तो ऑपरेशन थिएटरमध्ये नाही. तो गेला ओपीडीच्या दाराबाहेर, फी किती असेल या विचारात.

आणि आपण ऑफिसवाले? 'मला मेडिक्लेम आहे' म्हणून निवांत! मीही होते. परवा माझ्या हिंजवडीच्या काळातली जुनी पॉलिसी काढून वाचली, आयुष्यात पहिल्यांदा. बहुतेक उपचारांना चोवीस तास अ‍ॅडमिट हवं. ओपीडी नाही. श्रवणयंत्र तर न मिळणाऱ्या गोष्टींच्या यादीत, चष्म्याच्या शेजारी. तुमची पॉलिसी कधी वाचलीय का? वाचा एकदा, जेवणाच्या सुट्टीत. मग कळेल की गोळ्या, तपासणी आणि मशीन हे सगळं खिशातूनच जाणार. मला जमलं असतं, ईएमआयवर का होईना. आमच्या त्या ऑफिसात रात्री लाद्या पुसणाऱ्या मावशींना जमलं नसतं, आणि कान तर दोघींचे सारखेच आहेत.

सुट्टीत आईला घेऊन मुंबईला गेले. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासूनची, केंद्र सरकारची. वाणी आणि श्रवणाचंच काम करते. आई आधी तयारच नव्हती, 'आता या वयात काय?' म्हणत होती. काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसली तेव्हा मात्र परीक्षेला बसल्यासारखी ताठ होती. आवाज आला की बटण दाबायचं. उजव्या कानाला पटापट दाबत होती. डाव्याला तिचा अंगठा बटणावर नुसता वाट बघत राहिला. काचेपलीकडून मला तो अंगठा दिसत होता.

तिच्या डाव्या कानाला साध्या मशीनचा फारसा उपयोग होणार नाही असं कळलं. उजवा वयाच्या मानाने उत्तम. आणखी एक ज्ञान मिळालं. २०१६ च्या दिव्यांग कायद्याप्रमाणे श्रवणदोष धरायला दोन्ही कानांत किमान ६० डेसिबलचा तोटा लागतो. म्हणजे कागदोपत्री आम्ही मायलेकी ठणठणीत! आईला याचं फारच हसू आलं. बाहेर येऊन उसाचा रस पिताना ती दोनदा म्हणाली, "ठणठणीत!"

परतीच्या बसमध्ये आमच्या सीट उजव्या बाजूच्या होत्या. आई सवयीने खिडकीशी बसली, तिला घाट बघायचा असतो. मी तिच्या डावीकडे. बस सुरू झाली, ती काहीतरी बोलली, मला कळलं नाही. मी काहीतरी बोलले, तिला कळलं नाही. तिचा मेलेला डावा कान माझ्याकडे, माझा मेलेला उजवा तिच्याकडे. वाशीपर्यंत आम्ही दोघी एकमेकींना 'काय?' विचारत होतो. कंडक्टरला वाटलं असेल, भांडतायत.

मग आईच उठली. म्हणाली, "सरक तिकडे." मी खिडकीशी गेले, ती माझ्या डावीकडे बसली. तिचा उजवा कान, माझा डावा. पदर नीट केला आणि शेजारच्या कुलकर्णीबाईंच्या सुनेपासून जे सुरू झाली, ते लोणावळा आलं तरी थांबली नव्हती. घाट कधी गेला, दोघींनाही कळलं नाही.